गाडी कोठें थांबते ?

शाळा सुरू होऊन आठच दिवस झाले होते. आठव्या इयत्तेच्या वर्गांत मी भूगोलाचा तास घेत होतों. विषय होता आपल्या देशांतील दळणवळणाचीं साधनें. भिंतीवर रेल्वेचा नकाशा टांगलेला होता, बाहेर पावसाची रिपरिप चालू होती, आणि मुलांचें लक्ष नकाशाकडे कमी व खिडकीकडे अधिक होतें. तें वळवून घ्यावें म्हणून मीं एक सोपा प्रश्न टाकला : "मुलांनो, आपल्या देशांतील सर्वांत चांगली आगगाडी कोणती ?"

एकदम पंधरावीस हात वर झाले. "वंदे भारत !" असें बहुतेकांनीं एका स्वरांत सांगितलें. एकानें राजधानीचें नांव घेतलें. एका मुलीचे आजोबा पुण्याहून मुंबईस नोकरीसाठीं जात असत, म्हणून तिनें मोठ्या अभिमानानें 'डेक्कन क्वीन' म्हटलें. शेवटच्या बांकावर वसतिगृहांतला एक मुलगा हात अर्धवट वर करून बसला होता. मीं त्याला खूण करतांच तो उभा राहिला आणि हळू आवाजांत म्हणाला, "सर, आमच्या गांवाला थांबते ती पॅसेंजर."

सारा वर्ग हंसला. तो मुलगा मान खालीं घालून बसला. मीं वर्गाला गप्प केलें आणि धडा पुढें चालविला. परंतु त्या मुलाच्या बाजूनें जें बोलावयास हवें होतें, तें त्या वेळीं माझ्या तोंडून निघालें नाहीं. तें राहिलेलें उत्तर आज ह्या वार्षिक अंकाच्या निमित्तानें लिहून काढीत आहें.

प्रथम गाड्यांच्या कुळाकडे पाहूं. आपल्या देशांतील उतारूंची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली, हें आपण पाठ्यपुस्तकांत वाचलेंच आहे. १४ डबे, ३ इंजिनें, सुमारें ४०० पाहुणे आणि ३४ किलोमीटरचा रस्ता, एवढाच तो सोहळा. परंतु मनुष्यस्वभाव असा आहे कीं, चार माणसें एका वाहनांत बसलीं म्हणजे त्यांत पहिला कोण आणि शेवटचा कोण, हा प्रश्न निघाल्यावांचून राहत नाहीं. डब्यांचे वर्ग झाले : पहिला, दुसरा, तिसरा. मग गाड्यांचेही वर्ग झाले. टपालाच्या थैल्या घेऊन रात्रंदिवस धांवणारी ती मेल. मोजक्या स्टेशनांवर थांबून लांबचा पल्ला गांठणारी ती एक्सप्रेस. आणि वाटेंतल्या प्रत्येक स्टेशनाची विचारपूस करीत जाणारी ती पॅसेंजर. वास्तविक पॅसेंजर ह्या शब्दाचा अर्थ उतारू असाच आहे, आणि ह्या साऱ्याच गाड्या उतारूंच्या. पण मौज अशी कीं, जिला नुसतें उतारूचें नांव मिळालें तीच सर्वांत खालची ठरली !

तिसऱ्या वर्गाचे हाल किती होते, हें जुन्या माणसांस विचारावें. गांधीजींनीं त्या विषयावर १९१७ सालीं एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. डेक्कन क्वीन १९३० सालीं सुरू झाली, तेव्हां तिला तिसऱ्या वर्गाचे डबेच नव्हते. ते १९५५ सालीं जोडले गेले. पुढें १९७४ सालीं तिसरा वर्ग नांवानिशीं नाहींसा झाला. परंतु नांव पुसल्यानें फळी मऊ होत नाहीं. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानांत उतारूंनीं निजावयाचें तें उघड्या लाकडावरच. १९७७ सालीं प्राध्यापक मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. ते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत असत, म्हणजे आम्हां शिक्षकांचे व्यवसायबंधुच. त्यांच्या कारकीर्दींत त्या फळ्यांवर दोन इंच जाडीच्या गाद्या बसविण्यास आरंभ झाला, आणि १९७७ च्याच डिसेंबरांत मुंबई-हावडा मार्गावर वर्गभेद नसलेली 'गीतांजली एक्सप्रेस' निघाली. दोन इंच म्हणजे बोटाचीं दोन पेरें. पण त्यांची खरी किंमत रात्रभर त्यांवर पाठ टेकणाऱ्यालाच कळते.

वेगवान गाड्यांचें कूळ मात्र झपाट्यानें वाढत गेलें. दिल्ली आणि हावडा यांच्या दरम्यान १९६९ सालीं पहिली राजधानी धांवली. पंडित नेहरूंच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानें १९८८ सालीं शताब्दी आली; २००२ सालीं जनशताब्दी, २००६ सालीं गरीब रथ, २००९ सालीं दुरंतो. फेब्रुवारी २०१९ मध्यें दिल्ली-वाराणसी मार्गावर पहिली वंदे भारत निघाली. तिला ओढावयास निराळें इंजिन लागत नाहीं, डब्यांखालींच तिचीं यंत्रें बसविलेलीं असतात. २०२३ च्या डिसेंबरअखेर अमृत भारत नांवाची गाडी आली. तिचे डबे वातानुकूलित नाहींत, पण पुढें एक आणि मागें एक अशीं दोन इंजिनें तिला असतात. आणि आपण सुपरफास्ट म्हणून जिचा डौल मिरवितों, तिला नियमाप्रमाणें सरासरी वेग लागतो तो ताशीं ५५ किलोमीटर !

मुंबईची लोकल ही तर स्वतंत्रच जात. विजेवर चालणारी आपली पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेली, आणि आज लोकल थांबली तर मुंबईचा श्वासच थांबतो. मुलांसाठीं एक गंमतही सांगून ठेवतों. गाडीचा क्रमांक पांच आंकडी असतो. त्यांतला पहिला आंकडा पाहिला कीं गाडीचें कूळ समजतें : १ किंवा २ असल्यास लांब पल्ल्याची, ५ असल्यास पॅसेंजर, ६ असल्यास विजेवरची मेमू, ७ असल्यास डिझेलवरची डेमू, ९ असल्यास मुंबईची लोकल, आणि ० असल्यास प्रसंगविशेषीं सोडलेली. पुढच्या सुटींत स्टेशनावर गेलांत म्हणजे पडताळून पाहा.

मार्च २०२० मध्यें महामारीमुळें उतारूंच्या साऱ्या गाड्या देशभर थांबल्या. पुढें त्या हळूहळू सुरू झाल्या, तेव्हां कित्येक पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेस विशेष असें भारदस्त नांव मिळालें, आणि किमान तिकीट १० रुपयांचें होतें तें ३० रुपये झालें. रूळ तेच, डबे तेच, मोळीवाल्या बायका आणि शाळेचीं मुलेंही तींच. फेब्रुवारी २०२४ मध्यें तिकीट पुन्हां १० रुपयांवर आलें. तेवढ्या काळांत आमच्या वसतिगृहांतल्या मुलांपैकीं किती जण एकेका सुटीला घरीं गेले नाहींत, तें मला ठाऊक आहे.

एकेरी मार्गावरच्या स्टेशनांत तुम्ही कधीं थांबलां असाल, तर एक देखावा तुमच्या ओळखीचा असेल. पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी आहे. "क्रॉसिंग आहे," असें म्हणून कोणी खालीं उतरून पाय मोकळे करीत आहे, कोणी शेंगा सोलीत आहे. दहा मिनिटें जातात, वीस जातात. मग एकाएकीं धडधड होते, एक्सप्रेस वाऱ्यासारखी निघून जाते, आणि तिच्या कांचांआडचीं माणसें ह्या उभ्या गाडीकडे पाहतही नाहींत. मोठ्यासाठीं लहानानें वाट सोडावी, हा व्यवहार मला पुष्कळ वर्षें अगदीं स्वाभाविक वाटत असे. तो तसा वाटेनासा कां झाला, तें सांगण्यासाठीं मला माझ्या गांवीं जावें लागेल.

माझें बालपण मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या आगगाडीच्या काठीं गेलें. बार्शी लाइट रेल्वेचा तो अडीच फुटी अरुंद मार्ग. मिरजेपर्यंत तो १९२७ सालीं पोंचला. आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगांव, सांगोला अशीं स्टेशनें घेत ती इवलीशी गाडी माळरानांतून डुलत डुलत जाई. आमचें स्टेशन म्हणजे एक खोली, एक कडुनिंब आणि एक बांक. माझे वडील गांवच्या शाळेंत शिक्षक होते. ख्रिस्ती घर गांवांत आमचें एकच. गाडींतून मिरजेस जाणाऱ्यांत आजारी माणसें पुष्कळ असत, कारण डॉ. वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं तेथें रुग्णालय सुरू केल्यापासून त्या साऱ्या मुलखाला दुखण्याबाण्यांत मिरजेचाच आधार होता.

१९८६ सालच्या हिवाळ्यांतली गोष्ट. मी सात वर्षांचा होतों, आणि आक्का अकरा वर्षांची. आई दोन दिवस पोट धरून अंथरुणावर पडली होती. तिसऱ्या दिवशीं रात्रीं तिला शुद्ध राहीना. गांवांत वाहन नव्हतें. बाबांनीं शेजारच्या तिघांना हांक मारली, आईला बाजेवर निजविलें, आणि चौघांनीं ती बाज खांद्यावर घेतली. स्टेशन दीड मैलावर, वाट शेतांतून. निम्मी वाट झाली नाहीं तोंच पंढरपूरकडून गाडीची शिट्टी ऐकूं आली. बाबांनीं कंदील माझ्या हातीं दिला आणि म्हटलें, "पळ. हा हालवीत पळ."

मी पळालों. ढेंकळांत दोनदां पडलों, पण कंदील विझूं दिला नाहीं. स्टेशनाजवळ आलों तेव्हां गाडी येऊन उभी होती. शेवटच्या डब्याच्या दारांत गार्ड हिरवी बत्ती हातांत घेऊन उभा होता. मला बोलतां येईना. मीं नुसता अंधाराकडे हात केला. त्यानें तिकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि ती बत्ती खालीं ठेवली.

गाडी किती वेळ थांबली, ह्याविषयीं आमच्या घरांत कधीं एकमत झालें नाहीं. बाबा सात मिनिटें म्हणत. आक्का दहा म्हणे. त्या वेळांत कोणी आरडाओरड केली नाहीं. बाज आली तेव्हां डब्यांतल्या माणसांनीं उठून एक सबंध बांक रिकामा करून दिला. पंढरीहून परत निघालेली एक म्हातारी वारकरीण होती. तिनें आईचें डोकें मांडीवर घेतलें आणि मिरज येईपर्यंत पदरानें वारा घातला. आमचें नांवगांव तिनें विचारलें नाहीं. पहांटे आईवर शस्त्रक्रिया झाली. आंत्रपुच्छ फुटावयाच्या बेतांत होतें. आणखी कांहीं तास गेले असते तर इलाज चालला नसता, असें डॉक्टरांनीं बाबांना सांगितलें.

गाडीला उशीर झाला कीं गार्डाला त्याचें कारण वहींत लिहावें लागतें, हें मला पुढें समजलें. आईला मीं तें सांगितलें तेव्हां तिला फार कौतुक वाटलें. ती म्हणे, "कोठल्या तरी वहींत माझी नोंद आहे म्हणायची." आमच्या घरीं सायंकाळच्या प्रार्थनेंत त्या निनांवी गार्डासाठीं आई दररोज एक वाक्य बोलत असे. अठ्ठावीस वर्षें तिनें तें वाक्य गाळलें नाहीं.

ह्याच आईची दुसरी गोष्ट सांगतांना माझी लेखणी जड होते. पण ती सांगितल्यावांचून पहिली पुरी होत नाहीं.

मी शिकलों, पदवीधर झालों, सोलापूर जिल्ह्यांत नोकरीस लागलों. तोंवर तो अरुंद मार्ग टप्प्याटप्प्यानें रुंद झाला. मोठ्या गाड्या धांवूं लागल्या. आमच्या स्टेशनावर पॅसेंजर तेवढी थांबे. एक्सप्रेस तें स्टेशन सोडून जाई. खरें सांगावयाचें तर मला त्याचा थोडा अभिमानच वाटे. आपल्या गांवावरून एक्सप्रेस जाते, हें मी मित्रांना सांगत असें.

२०१४ च्या सप्टेंबरांत आक्काचा फोन आला : आईचें कांहीं खरें नाहीं, लगेच नीघ. आक्का सांगोल्यास राहत असे. ती तेथेंच पॅसेंजरमध्यें चढणार होती. मी एस.टी.नें पंढरपूर गांठलें. स्टेशनांत दोन गाड्या उभ्या होत्या. एका रुळावर पॅसेंजर, तिला सुटावयास अजून अर्धा तास होता. दुसऱ्या रुळावर एक्सप्रेस, ती निघण्याच्या बेतांत होती. मीं मनांत हिशेब केला : एक्सप्रेसनें पुढच्या मोठ्या स्टेशनावर उतरावें आणि तेथून एखादी मोटार करून मागें यावें, पॅसेंजरपेक्षां अर्धा तास तरी वांचेल. मी एक्सप्रेसमध्यें चढलों.

वाटेंत पाऊस सुरू झाला. रात्रीं नवाच्या सुमारास गाडी आमच्या स्टेशनावरून गेली. मी दारांत उभा होतों. कडुनिंब दिसला, बांक दिसला, आणि दूर शेतांपलीकडे आमच्या घराचा दिवा दिसला. सारें मिळून दहाबारा सेकंद. मग पुन्हां अंधार.

मोठ्या स्टेशनावर उतरलों तों पाऊस कोसळत होता. एक जीपवाला यावयास कबूल झाला. परंतु वाटेंतल्या ओढ्याला पाणी आलें होतें आणि रस्ता बुडाला होता. रेल्वेचा पूल वर कोरडा होता. रस्ता खालीं पाण्यांत. आम्ही ओढ्याकांठीं थांबलों. थोड्या वेळानें त्या पुलावरून पॅसेंजर दिवे लावून सावकाश गेली. आमच्या गांवाला थांबून, तेथें उतरावयाच्या माणसांना उतरवून ती आली होती.

पाणी ओसरून मी घरीं पोंचलों तेव्हां मध्यरात्र उलटली होती. आक्का दारांतच होती. ती वेळेवर पोंचली होती. आईनें तिच्या हातचें पाणी घेतलें, तिच्याशीं दोन शब्द बोलली, माझ्याविषयीं विचारलें. आक्कानें सांगितलें, "तो निघाला आहे, लौकर येणाऱ्या गाडीनें येतो आहे." त्यानंतर तासाभरानें आई प्रभूकडे गेली.

ह्यांत दोष गाडीचा नाहीं. एक्सप्रेस आपल्या वेळापत्रकाप्रमाणें चालली होती, आणि ती कोठें थांबत नाहीं हें मला ठाऊक होतें. चूक माझ्या हिशेबांत होती. कोणती गाडी लौकर जाते, एवढेंच मीं पाहिलें. आपल्याला जेथें उतरावयाचें आहे तेथें ती थांबते कीं नाहीं, हें जाणून असूनही मीं मोजलें नाहीं. आणि ज्या घरांत एका थांबलेल्या गाडीसाठीं अठ्ठावीस वर्षें प्रार्थना झाली, त्या घरच्या मुलाकडून ही चूक झाली.

आतां त्या क्रॉसिंगकडे पुन्हां वळूं. एक्सप्रेससाठीं पॅसेंजर बाजूला होते, हें खरें. मग एक्सप्रेस कोणासाठीं बाजूला होते ? रेल्वेच्या नियमांत सर्वांच्या अगोदर वाट कोणाची, असें मीं एकदां आमच्या मंडळींतल्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांना विचारलें. राजधानीची, किंवा वंदे भारतची, असें ते सांगतील ही माझी कल्पना. ते म्हणाले, "नाहीं. अपघात झाला म्हणजे जखमींकडे डॉक्टर आणि औषधें घेऊन जी मदतगाडी निघते, ती पहिली. ती निघाली कीं बाकीच्या साऱ्यांनीं थांबावयाचें." ही गाडी मोठ्या स्टेशनांच्या एका कोपऱ्यांत सदैव सज्ज उभी असते. तिला दिमाखदार नांव नाहीं, तिचें तिकीट विकलें जात नाहीं, आणि आपण कोणीही तिच्याकडे कधीं वळून पाहिलेलें नसतें. तरी दुखावलेल्या माणसाकडे जाते म्हणून तिचा मान सर्वांहून मोठा.

आणखी एक गाडी आहे. १६ जुलै १९९१ पासून 'जीवनरेखा एक्सप्रेस' नांवाचें एक रुग्णालय रुळांवरून देशभर फिरत आहे. जेथें मोठे दवाखाने नाहींत अशा भागांतल्या स्टेशनावर ती गाडी जाऊन उभी राहते. तिच्या डब्यांत मोतीबिंदूच्या, दुभंगलेल्या ओठांच्या, पोलिओनें वांकलेल्या पायांच्या शस्त्रक्रिया होतात. नांवाची एक्सप्रेस, पण आठवडेच्या आठवडे एका जागीं थांबणें, हेंच तिचें काम.

विद्यार्थी मित्रहो, वेग ही वाईट वस्तु आहे असें मी म्हणत नाहीं. तुमच्यांतले कित्येक जण पुढें वेगानें जातील, जावेंच. शाळा त्यासाठींच आहे. वंदे भारत आतां कोल्हापूर-पुणे मार्गावरही धांवते, आणि ती पाहून मलाही आनंद होतो. पण यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्याची गोष्ट तुम्हीं प्रार्थनेच्या तासाला ऐकली आहे. त्या वाटेनें जाणारे पहिले दोघेही मोठ्या योग्यतेचे होते. आठवण राहिली ती तिसऱ्याची, कारण तो थांबला.

आणि आईबापांस एक विनंती. आपला मुलगा वर्गांत कितवा आला, हें आपण विचारतां, तें विचारावेंच. कधीं हेंही विचारावें कीं, आज तूं कोणासाठीं थांबलास ?

दिवाळीच्या सुटीच्या दिवशीं त्या मुलाला मी स्टेशनावर पोंचवावयास गेलों. त्याची पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी होती, क्रॉसिंग होतें. तो खिडकींत बसून डब्याचा क्रमांक मोजीत होता. मीं त्याला म्हटलें, "बाळ, जूनमध्यें तूं वर्गांत दिलेलें उत्तर बरोबर होतें. तें सांगावयास मला उशीर झाला." तो हंसला. एक्सप्रेस धडधडत निघून गेली. मग सिग्नल पडला, गार्डानें हिरवा बावटा दाखविला, आणि त्याची गाडी सावकाश त्याच्या गांवाकडे निघाली.

ईश्वर तुम्हां सर्वांस वेग देवो, आणि कोठें थांबावें हेंही वेळेवर सुचवो.